चेन की चेंडू? श्वान पथकातल्या एका हँडलरचा प्रश्न

पत्र: "मी बेळगाव जिल्ह्यात पोलीस कॉन्स्टेबल आहे, गाव खानापूर तालुक्यात. श्वान पथकात येऊन वर्ष होत आलं. माझ्याकडे दोन वर्षांची लॅब्राडोर मादी आहे. गांजा शोधायला शिकलेली आहे, सापडला की बसून दाखवते. मैदानात काम छान करते. पण नाक्यावर नेली की कधी कधी काहीच न निघणाऱ्या गाडीपाशी बसते. शिवाय बक्षिसाचा चेंडू एकदा तोंडात घेतला की सोडत नाही. आमचे ज्येष्ठ हँडलर म्हणतात, चोक चेन (ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी) घाल, दोन झटके दे, सरळ होईल. बाहेर कोर्स करून आलेला सहकारी म्हणतो, झटका अजिबात नको, सगळं चेंडूवर आणि खाऊवर शिकव. दोघंही कामाला चोख आहेत. मी कोणाचं ऐकू? आणि जाता जाता, आपल्या मुधोळ कुत्र्याला यातली कुठली पद्धत चालते?"

उत्तर:

तुमच्या दोन्ही तक्रारींची मुळं वेगळी आहेत. चेंडू न सोडण्यावर झटका दिला तर फार तर वेळ वाया जाईल. पण चुकीच्या गाडीपाशी बसण्यावर झटका दिलात तर शिकवलेली कुत्री हातची जाऊ शकते. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

'बस' म्हटल्यावर ती बसली की नाही, हे तुम्हाला डोळ्यांनी दिसतं. चूक कोणाची हे तुम्हाला ठाऊक असतं, तिलाही ठाऊक असतं. वासाच्या कामात तसं नाही. कोगनोळीच्या नाक्यावर थांबवलेल्या ट्रकपाशी ती बसली आणि गाडीत काही निघालं नाही, एवढ्यावरून ती चुकली असं म्हणता येत नाही. त्या हौद्यातून चार दिवसांपूर्वी माल गेलेला असू शकतो. माल जातो, वास मागे राहतो. पोकळ कप्पा तुम्हाला सापडला नसेल. म्हणजे तिथं दिलेला झटका अंदाजानं दिलेला असतो. त्यातून ती काय शिकते? 'रिकाम्या गाडीपाशी बसू नये' हे ती शिकत नाही, कारण गाडी रिकामी होती हे तिला सांगणारं तिथं काहीच नसतं. 'गाडीपाशी बसलं की मान आवळते' एवढंच ती शिकते. मग पुढं खरा वास आला तरी नाक एक क्षण थबकतं आणि कुत्री पुढं निघते. उगाच बसलेली कुत्री चारचौघांना दिसते, वास येऊनही न बसलेली कोणालाच दिसत नाही. झटक्यानं दिसणारा दोष न दिसणारा होतो, आणि दोष गेला असं सगळ्यांना वाटतं. ज्येष्ठ हँडलरांना 'सरळ झाली' असं वाटतं ते पुष्कळदा यामुळेच.

मग ती बसते का? बहुतेक वेळा तुमच्यामुळे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी 2011 मध्ये 18 श्वान-हँडलर जोड्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. शोधायच्या जागेत अमली पदार्थ किंवा स्फोटकांचा वास कुठंच ठेवलेला नव्हता. काही ठिकाणी नुसता कागद चिकटवून, इथं वास आहे, असं हँडलरांना सांगितलं होतं. तरी बहुतेक फेऱ्यांत इंडिकेशन, म्हणजे 'वास सापडला' अशी खूण मिळाली, आणि कागदाच्या जागी जास्त. हँडलरच्या मनात जे होतं ते कुत्र्यांपर्यंत पोचत होतं. नाक्यावर तुमचंही तेच होत असणार. ड्रायव्हर घाबरलेला दिसला की तुमची चाल मंदावते, पट्टा ताणला जातो, तुम्ही एकाच दरवाजाकडे पुन्हा वळता, हात चेंडूच्या खिशाकडे जातो. ती हे सगळं वाचते आणि बसते, कारण बसलं की चेंडू मिळतो. मैदानात हे उघड होत नाही, कारण तिथं लपवलेला गांजाचा नमुना कुठं आहे हे तुम्हाला आधीच माहीत असतं.

यावरचा इलाज म्हणजे तुम्हाला उत्तर माहीत नसलेला सराव. सारखे 8 डबे घ्या, झाकणाला भोकं पाडा, दीड-दोन मीटर अंतरानं ओळीत मांडा. सगळे डबे नव्या हातमोज्यांनीच हाताळायचे. नमुन्याचाच डबा तेवढा हाताळला गेला तर ती गांजा सोडून ताज्या हाताचा वास शोधू लागते. एका डब्यात खात्यानं दिलेला नमुना. दुसऱ्यात नमुना ज्या कापडी पिशवीत असतो तशीच कोरी पिशवी. हा डबा सर्वांत महत्त्वाचा, कारण कित्येक कुत्री गांजाऐवजी पिशवीवरच पक्की झालेली असतात. तिसऱ्यात चेंडू, चौथ्यात वापरलेला हातमोजा, पाचव्यात थोडं खाणं, बाकीचे रिकामे. मांडल्यावर 20-30 मिनिटं थांबा, म्हणजे वास डब्याबाहेर पसरतो.

मांडणी सहकाऱ्यानं करायची आणि कुठला डबा कुठं हे तुम्हाला सांगायचं नाही. त्यानंही तिच्या नजरेआड उभं राहायचं, नाहीतर ती तुमच्याऐवजी त्याचा चेहरा वाचेल. तुम्ही पट्टा सैल ठेवून एकाच चालीनं ओळ पार करा. ती बसली की मनात तीन मोजा. बरोबर असेल तर सहकारी आडूनच 'हो' म्हणेल, मग तुम्ही तुमचा शाबासकीचा शब्द उच्चारून चेंडू डब्याच्या बाजूनं तिच्यापुढं टाका. 'हो' आलं नाही तर तीन मोजून काहीही न बोलता पुढं चाला. 'नाही' म्हणू नका, ओढू नका, सुस्कारासुद्धा नको. तीन मोजणं दोन्ही वेळा सारखंच हवं. एरवी, धनी थांबला म्हणजे बरोबर आणि निघाला म्हणजे चूक, हे तिला दोन दिवसांत कळतं.

दहा फेऱ्यांपैकी सुरुवातीला तीन-चार ओळींत नमुनाच ठेवू नका. बहुतेक पथकांत हेच होत नाही. प्रत्येक फेरीत काहीतरी सापडायचंच अशी सवय लागली की, काही नाही, हे उत्तर कुत्र्याला ठाऊकच राहत नाही, आणि नाक्यावरच्या शंभर गाड्यांपैकी जवळजवळ सगळ्यांचं उत्तर तेच असतं. कोरी ओळ तिनं न बसता पार केली तर पाठीवर एक थाप पुरे. पुढच्या फेरीत नमुना सोप्या जागी ठेवून चेंडू मिळू द्या. डब्यांवर पक्की झाली की हाच सराव खात्याच्या पाच-सहा उभ्या गाड्यांवर. चेंडू मात्र पुढच्या खिशात नको. तो कमरेमागच्या पिशवीत ठेवा किंवा सहकाऱ्याकडे द्या.

प्रत्यक्ष नाक्यावर ती बसली तर गाडी नीट तपासा. माल निघाला की चेंडू लगेच. निघाला नाही तर चेंडू नको आणि दटावणीही नको. तिला बाजूला न्या, आधीच लपवून ठेवलेला खात्याचा नमुना शोधू द्या आणि तिथं चेंडू द्या. तिचा हुरूप टिकतो, आणि आपण खात्री नसलेल्या बसण्याला पगार दिला असंही होत नाही.

आता चेंडू न सोडणं. यात बंडखोरी नाही. तुम्ही 'सोड' म्हणता तेव्हा काय होतं, ते बघा. चेंडू जातो, पट्टा लागतो, कुत्री पिंजऱ्यात. म्हणजे सोडणं हा खेळाचा शेवट आहे. त्यात तुम्ही चेंडू ओढता तेव्हा तिचा जबडा आणखी आवळतो, कारण ओढाताण हाच तिच्या लेखी अर्धा खेळ. चोक चेननं झटका दिला तर पहिल्यांदा सोडेल. नंतर चेंडू घेऊन तुमच्यापासून लांब पळेल, किंवा तुमच्या पायाशी येऊन तो कराकरा चावत राहील. चावा घेणाऱ्या गार्ड कुत्र्यांत हाच संघर्ष हँडलरच्या हातावर उलटतो.

दोरी लावलेले सारखेच दोन चेंडू घ्या. भरीव रबराचे, घशात सरकणार नाहीत इतके मोठे. टेनिसचा चेंडू नको, त्याच्या लोकरीनं दात झिजतात. पहिला फेका. ती घेऊन आली की दुसरा तुमच्या हातात नाचू लागू दे. ती तोंड उघडेल त्याच क्षणी 'सोड' म्हणा आणि दुसरा उलट्या दिशेला फेका. दहा-बारा फेका, पाच मिनिटांत खेळ बंद. दोन-तीन दिवसांनी क्रम बदला: आधी शब्द, एक सेकंद थांबून मग दुसरा चेंडू दाखवा. ती शब्दावरच सोडू लागली की दुसरा चेंडू खिशात. शेवटी एकाच चेंडूवर या. दोरी आखूड धरा आणि हात मांडीला टेकवून चेंडू अगदी निश्चल करा. हलत नसलेल्या चेंडूची मजा जाते. 'सोड' एकदाच म्हणा. सोडला की तत्क्षणी 'घे' म्हणून तोच चेंडू परत द्या. दहापैकी नऊ वेळा परत द्यायचा. खेळ थांबवायचा असेल त्या एका वेळी चेंडूच्या बदल्यात तिच्याच रोजच्या खाण्यातला तुकडा.

'सोड सोड सोड' असा जप करू नका. तिसऱ्या वेळी सोडायचं असतं, असं ती शिकते. आणि आपल्या भागातली एक खास अडचण: तुम्ही 'सोड' म्हणता, जोडीचा हँडलर कन्नडात 'बिडू' म्हणतो, साहेब आले की 'लीव्ह'. भाषा कुठलीही चालेल, तिला फक्त आवाज कळतो, पण आवाज एकच हवा. शब्द ठरवून पिंजऱ्याच्या दारावर लिहून ठेवा.

एवढं वाचून ज्येष्ठ हँडलर चूक आणि सहकारी बरोबर, असा निकाल लावाल तर थांबा. झटक्याची पद्धत उगाच टिकलेली नाही. जर्मनीत कॉनराड मोस्टनं 1910 मध्ये पोलीस कुत्र्यांचं शिक्षण सूत्रबद्ध केलं. तो शाबासकीही वापरत असे, पण कणा दाबाचा होता, आणि त्या वाटेनं कामाची कुत्री पिढ्यान्‌पिढ्या तयार झाली. फक्त एवढं लक्षात घ्या की झटके न सोसलेली कुत्री कोर्समधून बाद होत गेली. ज्येष्ठांच्या आठवणीत आहेत ती टिकलेली. तुमच्याकडे एकच कुत्री आहे, बाद करायला दुसरी नाही.

संशोधनही एका बाजूनं सरळ बोलत नाही. नेदरलँड्समध्ये 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विजेच्या कॉलरवर शिकलेली जर्मन शेफर्ड कुत्री मैदानाबाहेर, साध्या फिरण्यातही जास्त ताणात दिसली. मालक आला की धक्का येतो, असं ती शिकली होती. उलट जर्मनीत 2012 मध्ये मॅलिनॉ या बेल्जियन जातीच्या 42 पोलीस कुत्र्यांवरच्या अभ्यासात, बक्षीस मिळणार नाही असं सांगणारा इशारा अगदी थोड्या कुत्र्यांना थांबवू शकला, विजेच्या आणि टोचणाऱ्या कॉलरींनी बरीच जास्त थांबली. पण ही कुत्री समोरच्या चिथावणाऱ्या माणसाकडे झेपावण्याच्या ऐन भरात होती, आणि प्रश्न त्यांना थांबवण्याचा होता. काही शोधून दाखवण्याचा नव्हता. आमचं मतही तिथंच येतं: थांबवायला दाब चालू शकतो, सांगायला, शोधायला, स्वतःहून पुढं यायला दाब चालत नाही. गांजाच्या कुत्रीचं जवळजवळ सगळं काम दुसऱ्या प्रकारचं आहे.

म्हणून दुरुस्तीला जागा आहे, पण चिंचोळी. रस्त्यावर शेळ्यांच्या कळपामागं धाव घेणं, चालू टायरखाली जाणं, अशा जिवावरच्या गोष्टी. तिथंही अटी आहेत. हुकूम तिला शांत जागी दहापैकी नऊ वेळा जमत असला पाहिजे. न शिकलेल्या धड्याबद्दल शिक्षा नाही. चूक आणि झटका यांत एका सेकंदाहून जास्त अंतर नको. झटका छोटा, आणि कडी लगेच सैल. सैल होणं हाच त्यातला संदेश. कायम ताणलेल्या पट्ट्यातून ती फक्त ओढायला शिकते. लगेच पुढच्या पावलाला बरोबर वागायची संधी आणि शाबासकी. दोन झटक्यांत फरक पडला नाही तर तिसरा जोरात देऊ नका. जोर वाढवत नेला की मान निबर होते आणि पुढच्या वेळी त्याहून जास्त जोर लागतो.

चोक चेन डाव्या बाजूनं चालणाऱ्या कुत्रीला समोरून इंग्रजी पी अक्षरासारखी दिसली पाहिजे, उलटी घातली तर ती सैल होतच नाही. चेन घालून बांधून ठेवायचं नाही, पिंजऱ्यात सोडायचं नाही, आणि शोधकामात तर चेन नकोच. शोधाला छातीचा पट्टा. तो चढवला की काम सुरू, हेही तिला कळतं. मानेवरच्या ताणानं डोळ्यातला दाब वाढतो आणि श्वासनलिका दुखावते. दमट हवेत खोकणारी, धापणारी कुत्री वास काय घेणार?

कायद्याचंही ध्यानात असू द्या. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या अधिनियमात कलम 27 पोलीस व लष्करी प्रशिक्षणाला सूट देतं, पण ती खेळ-प्रदर्शनाच्या नोंदणीपुरती. मारहाण आणि अनावश्यक वेदनेबद्दलचं कलम 11 गणवेशालाही लागू आहे.

सहकाऱ्याच्या पद्धतीतही खड्डे आहेत, आणि चेंडूवाले ते कबूल करत नाहीत. पहिला खड्डा म्हणजे आधी चेंडू दाखवून काम करून घेणं. ते बक्षीस नाही, लालूच आहे. चेंडू दिसला नाही की काम बंद. दुसरा उशीर. ती बसली, तुम्ही पिशवी शोधली, तिची झिप उघडली, चेंडू काढला, तोवर ती उठून तुमच्याकडे वळली. मग बक्षीस वळण्याचं झालं. म्हणून एक ठरलेला छोटा शब्द क्षणात उच्चारायचा आणि चेंडू मागून. तो शब्द आधी 15-20 वेळा नुसता खाऊसोबत पक्का करून घ्या: शब्द, लगेच तुकडा. तुकडा हरभऱ्याएवढा, उकडलेल्या कोंबडीचा, आणि तेवढं खाणं रोजच्या मापातून वजा. लॅब्राडोर जाड व्हायला निमित्तच शोधत असतं. कौतुकानं कोणी बेळगावी कुंद्याची मिठाई पुढं केली तर हात जोडा. तिसरा खड्डा मऊपणाचा. चेंडू न देणं हीसुद्धा शिक्षाच आहे, आणि ती वापरायला कचरू नये. उडी मारून चेंडू हिसकावला तर 20 सेकंद पाठ फिरवून उभं राहा.

पद्धत कुठलीही घेतलीत तरी आधी एक तपासा, ती आजारी तर नाही ना. आपल्याकडे पावसाळ्यात गोचिडांचा उच्छाद असतो. गोचीड तापाची कुत्री आधी फक्त मंद दिसते, हुकूम टाळते, लवकर बसते, आणि बिचारीला आळशी म्हणून झटके बसतात. गुदद्वारात मोजलेलं तापमान 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस असावं. जास्त असेल, हिरड्या फिक्या असतील, नाकातून रक्त आलं असेल तर सराव बंद आणि पशुवैद्य. एप्रिल-मेमध्ये अथणी-चिकोडीकडच्या डांबरावर हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवत नसेल तर तिचे पंजेही टेकवू नका. जीभ बाहेर काढून धापणारी कुत्री पुरेसं हुंगू शकत नाही. अशा हवेत 15 मिनिटं काम आणि सावलीत तेवढीच विश्रांती. कणकुंबीच्या पावसात अडचण उलटी: ओल्या गाडीवर वास खाली बसतो, म्हणून चाकाच्या कमानी आणि दाराच्या खालच्या फटींपासून सुरुवात करा.

ज्येष्ठांशी वाद घालू नका. वही ठेवा. रोज तारीख, जागा, किती ओळी, किती कोऱ्या, किती बरोबर बसली, किती सुटलं, कोऱ्यावर किती बसली, हवा कशी. तीन आठवडे हेच करतो, नाही जमलं तर तुम्ही सांगाल ते, असं त्यांना सांगा आणि नमुना लपवायचं काम त्यांच्याकडेच द्या. लपवण्याच्या जागा त्यांच्याइतक्या तुम्हाला सुचणार नाहीत. एका कुत्रीवर एका वेळी दोन पद्धती मात्र चालवू नका. सकाळी चेंडू आणि संध्याकाळी जोडीदाराचा झटका, हे सर्वांत वाईट.

मुधोळचं विचारलंत. 2016 मध्ये मुधोळची पिल्लं लष्करानं मेरठच्या केंद्रात चाचणीसाठी नेली, तेव्हापासून हा प्रश्न वारंवार येतो. मुधोळ नजरेनं शिकार करणारं, धावणारं कुत्रं आहे. वास त्याला येतो, पण दूरवर काही हललं की नाक बाजूला राहतं. झटका त्याला लॅब्राडोरपेक्षाही कमी सोसतो. ते उलटून भांडत नाही, मिटून जातं, आणि मग आठवडाभर जवळ येत नाही. पातळ कातडीच्या लांब मानेवर चोक चेन तर घालूच नका, रुंद पट्टा घाला. खाऊला ते लॅबसारखं हावरट नसतं, चेंडू परत आणायची ओढही बेताची. त्याचं बक्षीस म्हणजे पाठलाग. लांब दोरीला सशाच्या कातड्यासारखा लोकरी तुकडा बांधून जमिनीवरून सरपटवा, बरोबर काम झालं की पाच सेकंद तो पळवा आणि पकडू द्या. हे कुंपणाच्या आत करायचं किंवा 10 मीटरच्या दोरीवर. उघड्या माळावर मुधोळ सुटलं तर बोलावून परत येईल, या भरवशावर राहू नका.